रोबोटिक्स स्पर्धेत जोडीदार संघाबरोबर कसं खेळायचं: गोव्यातल्या नव्या संघांसाठी

फर्स्ट टेक चॅलेंज, म्हणजे मुलांच्या भाषेत एफटीसी, या स्पर्धेत प्रत्येक मॅचला दोन संघ लाल बाजूने खेळतात आणि दोन निळ्या. तुमच्या बाजूचा दुसरा संघ कोणता हे संगणक ठरवतो. सकाळी जो जोडीदार असतो, तोच दुपारी समोर उभा असू शकतो. आपल्याकडचे संघ पहिल्यांदा जातात तेव्हा त्यांनी महिनोन्‌महिने रोबोवर घाम गाळलेला असतो, पण या जोडीदाराशी काय बोलायचं, कधी बोलायचं, त्याच्यावर किती विसंबायचं, याची तयारी जवळजवळ नसते. फोंडा आणि डिचोली भागातल्या मुलांबरोबर मी मार्गदर्शक म्हणून अशा स्पर्धांना जात आले आहे. चांगला रोबो असूनही मागे पडलेले संघ मी पाहिले आहेत. साधाच रोबो घेऊन गेलेले, पण सगळ्यांना जोडीदार म्हणून हवेसे वाटणारे संघही पाहिले आहेत. हा लेख त्या दुसऱ्या प्रकारचा संघ कसा घडवायचा याबद्दल आहे.

आपल्या सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या सहावी ते आठवीच्या मुलांना गोवा सरकारच्या केअर्स योजनेमुळे कोडिंग आणि रोबोटिक्सची ओळख झालेली असते. त्यामुळे ‘आमच्या गावच्या मुलांना हे जमेल का’ हा प्रश्न मनातून काढून टाका.

१. खेळाचा सांगाडा पक्का करा

मैदान बारा फूट बाय बारा फूट. त्यावर दोन फुटी फोमच्या ३६ फरश्या. मॅचच्या सुरुवातीला रोबो १८ इंचांच्या (सुमारे ४५.७ सेंटिमीटर) घनात बसला पाहिजे. मॅच अडीच मिनिटांची असते. पहिले ३० सेकंद ऑटोनॉमस, म्हणजे रोबो स्वतःच्या प्रोग्रॅमवर चालतो आणि कंट्रोलरला कुणी हात लावायचा नाही. त्यानंतर दोन मिनिटं ड्रायव्हर चालवतात. त्यातल्या शेवटच्या टप्प्याला एन्डगेम म्हणतात, आणि बहुतेक हंगामांत लटकणं, चढणं किंवा ठरावीक जागी थांबणं यासाठी तिथे वेगळे गुण असतात.

संघात जास्तीत जास्त पंधरा मुलं असू शकतात. मैदानाशी मात्र चौघंच जातात: दोन ड्रायव्हर, त्यांना सूचना देणारा एक ड्राइव्ह कोच आणि खेळाचं साहित्य हाताळणारा एक ह्यूमन प्लेअर.

आधी क्वालिफिकेशनच्या मॅचेस होतात. एका दिवसाच्या स्पर्धेत साधारण पाच-सहा वाट्याला येतात आणि प्रत्येक वेळी जोडीदार बदलतो. मॅचचा निकाल दोघांच्या नावावर लागतो, पण क्रमवारी प्रत्येक संघाची स्वतंत्र असते. सगळे डावपेच याच गोष्टीभोवती फिरतात. तुमचा क्रमांक वर जायचा असेल तर अनोळखी जोडीदाराबरोबर लगेच जमवून घेता आलं पाहिजे. क्वालिफिकेशननंतर वरचे संघ कॅप्टन होऊन आपापले जोडीदार निवडतात आणि बाद फेरी सुरू होते.

२. मॅन्युअल याच हंगामाचं वाचा

नवा खेळ दरवर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला जाहीर होतो. आपल्याकडे हा चतुर्थीच्या आसपासचा काळ. निम्मी मुलं गावी, शाळा बंद, माटोळीची धांदल. त्यामुळे मॅन्युअल, म्हणजे खेळाची नियमपुस्तिका, डाउनलोड करून मुलांच्या फोनवर आधीच पाठवून ठेवा आणि सुट्टीत प्रत्येकाला एकेक प्रकरण वाचायला द्या.

इथे एक सापळा आहे. मुलं इंटरनेटवर गेल्या वर्षांचे व्हिडिओ पाहतात आणि त्यातले नियम डोक्यात पक्के करून बसतात. गुण, पेनल्टी, एन्डगेमचा वेळ, क्रमवारीचे गुण, यांतलं काहीही हंगामागणिक बदलू शकतं. मॅन्युअलमध्ये मध्येच दुरुस्त्याही येतात. संघातल्या एका मुलाला किंवा मुलीला ‘नियमांची जबाबदारी’ द्या आणि दर आठवड्याला नव्या दुरुस्त्या सगळ्यांना वाचून दाखवायला सांगा. फाउल कशाने होतो हे ड्रायव्हरला पाठ हवं, कारण पेनल्टीचे गुण थेट समोरच्या बाजूला जातात आणि त्याचा फटका जोडीदारालाही बसतो.

३. आपला रोबो काय करतो ते एका पानावर लिहा

माझ्या मते हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि घाईत हीच सुटते.

सरावात प्रत्येक काम दहा वेळा करून पाहा आणि किती वेळा जमलं ते लिहा. एखादी मुलगी खुर्चीवर वही घेऊन बसली आणि फक्त मोजत राहिली तरी पुरे. मग पान असं तयार होतं: ‘ऑटोनॉमस डावीकडून दहापैकी नऊ वेळा बरोबर. उजवीकडून दहापैकी पाच. एक फेरी मारायला सरासरी १४ सेकंद. लटकणं दहापैकी सात.’ हे आकडे उदाहरणादाखल दिले आहेत. तुमचे तुम्ही काढा.

या पानावर ‘आम्ही सगळं करू शकतो’ असं वाक्य येऊ देऊ नका. जोडीदाराला तुमच्या सर्वोत्तम दिवसाची माहिती नको असते, सरासरी दिवसाची हवी असते. ‘आमचं लटकणं भरवशाचं नाही, आम्ही शेवटपर्यंत गुण करत राहतो, तुम्ही लटका’ असं स्पष्ट सांगणाऱ्या संघाबरोबर योजना आखता येते. बढाया मारणाऱ्या संघाबरोबर आखलेली योजना पहिल्या तीस सेकंदांत कोसळते, आणि ती बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या पिटमध्ये (संघ रोबो ठेवतात आणि दुरुस्त करतात त्या जागांत) पोचलेली असते.

पानाच्या शेवटी तीन गोष्टी लिहा: सुरुवातीला कुठे उभं राहायला आवडतं, मैदानाच्या कोणत्या भागातून ये-जा करतो, आणि कोणती गोष्ट अजिबात जमत नाही. याच्या आठ-दहा झेरॉक्स काढा. प्रत्येक जोडीदाराला एक द्यायची आहे.

४. ऑटोनॉमसमध्ये जोडीदारासाठी जागा ठेवा

पहिल्या वर्षीचे संघ एकच ऑटोनॉमस प्रोग्रॅम लिहितात. तो सहसा मैदानाच्या मधून सरळ जातो. जोडीदाराचाही तसाच असतो. दोन्ही रोबो चौथ्या सेकंदाला एकमेकांवर आदळतात आणि उरलेले २६ सेकंद चाकं जागच्या जागी फिरत राहतात. हे दृश्य प्रत्येक स्पर्धेत दिसतं.

ते टाळायला किमान तीन प्रोग्रॅम तयार ठेवा:

- तुमचा मुख्य प्रोग्रॅम, आवडत्या जागेवरून.
- दुसऱ्या जागेवरून सुरू होणारा, थोडे कमी गुण देणारा पण भरवशाचा.
- फक्त सुरुवातीची जागा सोडून बाजूला जाऊन थांबणारा. जोडीदाराचा ऑटोनॉमस फार चांगला असेल तर हाच चालवायचा.

यात आणखी एक सोय करा: सुरुवातीला किती सेकंद थांबायचं ते मॅचआधी कंट्रोलरच्या बटणांनी निवडता आलं पाहिजे. स्टार्ट दाबण्याआधीच्या इनिट अवस्थेत डी-पॅड (कंट्रोलरवरची चार दिशांची बटणं) वर दाबला की एक सेकंद वाढतो, खाली दाबला की कमी होतो, आणि आकडा ड्रायव्हर स्टेशनच्या स्क्रीनवर दिसतो. ठोकळे जोडून प्रोग्रॅम लिहायच्या ब्लॉक्समध्येही हे जमतं, जावा भाषेत तर काही ओळींचं काम आहे. ‘तुम्ही आधी जा, आम्ही सहा सेकंद थांबतो’ असं म्हणता येणाऱ्या संघाला अनुभवी संघसुद्धा मान देतात. नव्या संघाला एकच जादा गोष्ट शिकवायला वेळ असेल, तर ही शिकवा.

५. दुसऱ्या रोबोसोबत सराव गोव्यातच करा

एकट्याने रिकाम्या मैदानावर केलेला सराव फसवा असतो. म्हापसा, मडगाव, वाळपई, पेडणे, जिथे कुठे ओळखीचा संघ असेल त्याला एका रविवारी बोलवा, नाहीतर तुम्ही जा. फोंडा दोन्ही बाजूंच्या लोकांना त्यातल्या त्यात मधलं पडतं. फर्मागुढीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा तुमच्या जवळच्या दुसऱ्या एखाद्या कॉलेजात रोबोटिक्समध्ये रमलेले विद्यार्थी असतात. त्यांना पंच म्हणून उभं केलंत तर सरावाला शिस्त येते.

दुसरा संघ मिळालाच नाही तर जुनी चेसिस (रोबोचा चाकांसकट सांगाडा) किंवा रिमोटची मोठी गाडी मैदानात फिरवा आणि तिच्या ड्रायव्हरला सांगून ठेवा, की मध्ये मध्ये ये. पूर्ण मैदान परवडत नसेल तर बारा फरश्यांचा एक पट्टाही चालतो. पावसाळ्यात वीज गेली की सराव थांबतो, म्हणून बॅटऱ्या वीज असतानाच भरून ठेवा. आपल्या दमट हवेत लोखंडी शाफ्ट आणि स्क्रू लवकर गंजतात. डब्यात सिलिका जेलची पाकिटं टाका आणि स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक शाफ्ट हाताने फिरवून बघा.

६. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रं:

- संघाच्या नोंदणीची प्रत आणि मुलांची यादी. पालकांची संमती ऑनलाइन नोंदवायची असते. एखाद्या पालकाची राहून गेली तर प्रवेशाच्या टेबलावर अडकायला होतं, म्हणून पंधरा दिवस आधी तपासा.
- मुख्याध्यापकांचं परवानगीपत्र, मुलांची शाळेची ओळखपत्रं, पालकांचे फोन नंबर आणि औषधांची माहिती.
- इंजिनिअरिंग पोर्टफोलिओच्या, म्हणजे संघाच्या कामाच्या लेखी अहवालाच्या, छापील प्रती.
- इन्स्पेक्शनची (रोबो नियमांत बसतो का या तपासणीची) यादी, स्वतः एकदा भरून पाहिलेली.
- तुमचं एकपानी माहितीपत्रक आणि स्काउटिंगचे (दुसऱ्यांचे खेळ बघून करायच्या नोंदींचे) कोरे तक्ते.

सामान: मैदानाजवळ आणि पिटमध्ये लागणारे सुरक्षा चष्मे (सगळ्यांना पुरून दोन जादा), किमान दोन बॅटऱ्या, चार्जर, एक्स्टेन्शन बोर्ड, मल्टिमीटर, एलन कीचे दोन संच, झिप टाय, इन्सुलेशन टेप, जादा सर्वो, जादा यूएसबी आणि सेन्सरच्या केबल्स, दोन कंट्रोलर. प्रत्येक वस्तूवर संघाचा नंबर चिकटवा. जोडीदाराला उसनी दिलेली वस्तू परत येण्याचा तोच एक मार्ग आहे. उसनी द्याच. जोडीदाराची बॅटरी बसलेली असेल तर मॅच तुमचीही जाते.

पुण्याकडे जायचं असेल तर मडगावहून लोंढा-बेळगाव-मिरज मार्गाने जाणारी गोवा एक्स्प्रेस सोयीची पडते. रोबो लाकडी पेटीत, फोम घालून न्या आणि पेटी सीटखाली बसते का ते घरीच मोजून पाहा.

७. मॅचच्या आधी जोडीदाराला गाठा

मॅचेसचं वेळापत्रक हाती आलं की आपल्या मॅचेसवर खूण करा. प्रत्येक मॅचसमोर जोडीदाराचा नंबर आणि समोरच्या दोघांचे नंबर लिहा. एखाद्या मॅचला तुमच्या नंबरापुढे चांदणी दिसली तर ती सरोगेट मॅच असते. वेळापत्रक जुळवायला काही संघांना एक जादा मॅच दिली जाते आणि ती त्यांच्या क्रमवारीत धरली जात नाही. तुमच्यासाठी ती धरली जात नसली तरी जोडीदारासाठी असते, म्हणून तीही पूर्ण ताकदीने खेळा.

रांगेत उभं राहिल्यावर बोलायला वेळ नसतो. किमान दोन मॅच आधी जोडीदाराच्या पिटवर जा. दोघंच जा: ड्राइव्ह कोच आणि एक ड्रायव्हर. सात-आठ जणांचा घोळका गेला की कुणाशी बोलायचं तेच समोरच्याला कळत नाही. शिक्षकांनी मागे राहावं. बोलणं मुलांनीच करायचं असतं.

बोलणं साधारण असं होतं. आमच्याकडची नववीतली मुलगी एका अनुभवी संघाच्या मुलाशी बोलत होती, ते मी शेजारीच उभी राहून ऐकलेलं आहे:

‘तुम्ही ऑटो कुठून सुरू करता?’

‘डावीकडून. तुम्ही?’

‘आमचंही डावीकडून चांगलं चालतं. उजवीकडून निम्म्या वेळा चुकतं.’

‘मग आम्ही उजवीकडून घेतो, आमचं दोन्हीकडून चालतं. पण आम्ही मधून जातो. तुम्हाला थांबता येईल?’

‘हो, पंधरा सेकंदांपर्यंत.’

‘आठ पुरे. एन्डगेमला?’

‘आम्ही लटकत नाही. शेवटची फेरी मारून कोपऱ्यात थांबतो, तुमच्या वाटेत येणार नाही.’

एवढंच. दोन मिनिटंही लागली नाहीत. ‘निम्म्या वेळा चुकतं’ हे तिने मान खाली न घालता सांगितलं आणि त्या मुलाने लगेच आपली जागा बदलली. हे धाडस घरी सराव करून येतं. संघातल्याच दोन मुलांना जोडीदार बनवून रोज अशी बातचीत करायला लावा, मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीतही. राज्याबाहेर गेल्यावर आपली हुशार मुलं भाषेपायी गप्प होतात, ते मला फार लागतं.

जोडीदाराचा रोबो बंदच असेल तर? आधी विचारा, ‘मदत हवी का?’ चालेल तर तुमचा प्रोग्रॅमर आणि हत्यारांची पेटी त्यांच्या पिटवर पाठवा. बहुतेक वेळा सैल केबल, चुकलेलं कॉन्फिगरेशन किंवा उतरलेली बॅटरी असते. नुसता जागेवरून हलणारा रोबोही बऱ्याच खेळांत गुण आणतो. ‘तुम्ही बाजूला उभे राहा, आम्ही बघतो’ असं कधीही म्हणू नका. त्यांनीही आपल्याइतकीच मेहनत केलेली असते.

८. मॅच सुरू असताना एकाचाच आवाज

दोन संघांचे मिळून आठ जण एका बाजूला उभे असतात आणि सगळेच ओरडू लागतात. जत्रेतल्या नाटकाला दोन्ही विंगांतून दोन प्रॉम्प्टर एकाच वेळी बोलू लागले की नटाचं जे होतं, तेच इथे ड्रायव्हरचं होतं. म्हणून आधीच ठरवा: ड्रायव्हरने फक्त आपल्या ड्राइव्ह कोचचं ऐकायचं, आणि दोन कोच आपसात बोलतील. कोचने घड्याळाकडे आणि जोडीदाराच्या रोबोकडे पाहायचं, स्वतःच्या रोबोकडे कमीत कमी. वाक्यं छोटी: ‘डावीकडून या’, ‘ते येतायत, थांब’, ‘तीस सेकंद’.

योजना फसली तर मैदानावर दोष देऊ नका. उरलेल्या वेळात काय करता येईल तेवढंच बोला.

९. स्काउटिंग: दुसऱ्यांचे खेळ बघून लिहा

प्रेक्षकांत बसलेल्या मुलांना काम द्या. प्रत्येकाने मॅचमधल्या एकाच रोबोवर नजर ठेवायची आणि तक्ता भरायचा: ऑटोनॉमस चाललं का, किती वेळा गुण केले, एन्डगेम जमला का, रोबो मध्येच बंद पडला का, फाउल किती. पिटवर जाऊन विचारलेली माहिती वेगळ्या रकान्यात लिहा. प्रत्येक संघ पिटवर जे सांगतो आणि मैदानावर जे करतो, त्यात फरक असतो.

सर्वोत्तम मॅचचा आकडा बघून भुलू नका. समजा एका संघाने चार मॅचेसमध्ये ४०, ३८, ४२, ४० गुण केले आणि दुसऱ्याने ९०, ०, १५, ५५. दोघांची सरासरी ४०च येते. पण बाद फेरीत, जिथे दोन पराभवांनंतर घरी जायचं असतं, तिथे मी पहिला घेईन.

ओपीआर नावाचा एक आकडाही कानावर येईल. स्कोअरबोर्डवर दोघांचे मिळून गुण दिसतात, एकेकाचे नाहीत. अनेक मॅचेसची समीकरणं मांडून प्रत्येक संघाचा अंदाजे वाटा काढतात, तो ओपीआर. पाच-सहा मॅचेसच्या आधारे काढलेला हा आकडा कच्चा असतो. तुमच्या वहीतल्या नोंदींशी तो पडताळूनच वापरा.

१०. अलायन्स सिलेक्शन: बाद फेरीचा जोडीदार निवडणं

क्वालिफिकेशन संपता संपता संघाने एकत्र बसून पसंतीची यादी करावी, क्रमाने. आपण कॅप्टन होऊ असं वाटत नसलं तरी करावी, कारण वरच्या कॅप्टनांनी एकमेकांना निवडलं की खालचे संघ वर सरकतात आणि अचानक तुमचं नाव पुकारलं जातं. मैदानात जाणाऱ्या प्रतिनिधीच्या हातात ही यादी हवी.

नियमातला सगळ्यात टोचणारा भाग असा: कॅप्टनने दिलेलं आमंत्रण नाकारलं, तर दुसरा कुणी तुम्हाला बोलावू शकत नाही. क्रमवारीत वर असाल तर स्वतः कॅप्टन होता येतं. नाहीतर खेळ तिथेच संपतो. नवख्या मुलांनी ‘अजून चांगला संघ बोलावेल’ म्हणून नकार देऊ नये.

निवडताना आपल्याला काय येत नाही ते पाहा. तुमचा रोबो गुण भराभर करतो पण लटकत नाही, तर लटकणारा घ्या. दोन्ही रोबोंना मैदानाचा एकच कोपरा हवा असेल तर दोघंही चांगले असून उपयोग नाही.

दोन गोष्टींपासून लांब राहा. ‘तुम्हालाच घेणार’ असं वचन सकाळपासून चार संघांना देऊ नका. आणि मुद्दाम हरण्याचा, किंवा जोडीदाराला हरायला सांगण्याचा विचारही नको. ते नियमाविरुद्ध आहे आणि शिक्षेचं कार्ड मिळू शकतं. या स्पर्धांचा पायाच वेगळा आहे. डीन केमन यांनी १९८९ मध्ये फर्स्ट ही संस्था स्थापन केली आणि एमआयटीचे प्राध्यापक वूडी फ्लॉवर्स यांनी तिथे ‘ग्रेशस प्रोफेशनलिझम’चा आग्रह रुजवला: जीव तोडून खेळा, पण समोरच्याचा मान राखून. फर्स्टच्या मोठ्या रोबोंच्या स्पर्धेत २०१२ साली तर मैदानाच्या मधोमध असा पूल होता, की लाल आणि निळ्या बाजूच्या रोबोंनी मिळून तो तोलून धरला तर दोघांनाही क्रमवारीचे जादा गुण मिळायचे.

११. बाद फेरीत

आता जोडीदार बदलत नाही, म्हणून दोन्ही पिटची हत्यारं एकत्र करा आणि बॅटऱ्यांवर एकाच मुलाची जबाबदारी ठेवा. मॅचआधी प्रत्येक बॅटरी मल्टिमीटरवर तेरा व्होल्टच्या वर दिसली पाहिजे. लाल कार्ड म्हणजे त्या मॅचमधून बाद, आणि त्याची किंमतही आता वाढते: क्वालिफिकेशनमध्ये ते एका संघापुरतं असतं, बाद फेरीत त्याचा फटका पूर्ण अलायन्सला बसतो. हरलेल्या पहिल्या मॅचनंतर रोबोत मोठे बदल करू नका. कोण कुठून सुरू करणार आणि कोण आधी जाणार, एवढंच बदलून पुढची मॅच खेळा.

स्पर्धा आटोपल्यावर निघण्याआधी ज्या जोडीदारांबरोबर जमलं त्यांच्या मार्गदर्शकांचे नंबर घ्या, उसन्या वस्तू परत करा, आणि स्काउटिंगचे तक्ते फेकू नका. गोव्यातल्या दुसऱ्या नव्या संघाला ते द्या.